पलीकडची बाजू

इलाहीनं घरघंटीचा बॉक्स तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी टेकवला. दार उघडणाऱ्या बाईच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये पाण्याचे दोन ग्लास होते.

"त्या कुठं गेल्या?" बाईनं त्याच्या मागं जिन्यात डोकावून विचारलं.

"कोण?"

"तुमच्याबरोबरच्या. जिन्यात बोलत होता की तुम्ही. हळू, वळण हाय, जरा तुझ्याकडं घे गं. मला आतनं ऐकू येत होतं. म्हणून दोन ग्लास आणले."

इलाहीनं गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसलं. मग म्हणाला, "ती खाली गेली."

"एवढं वजन उचलून आणलं आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या? ऊन बघा की केवढं. न्या हा ग्लास खाली त्यांना."

"नको ताई. ती न्हाय प्यायची."

बॉक्सवर बाईचं नाव होतं, प्रियदर्शनी. तिनं मोबाईल बघून ओटीपी सांगितला, इलाहीनं तो दाबला, आपला ग्लास रिकामा केला आणि जिना उतरायला लागला. उतरताना जिन्यात कुणी नव्हतं. ते त्याला ठाऊकच होतं. हात रिकामे असले की ती नसायची. ओझं असलं तरच असायची.

ती म्हणजे नजीरा, इलाहीची बायको. गेल्या पावसाळ्यात ती वारली होती.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायचं, तर आधी त्या चित्राचं सांगायला पाहिजे. जड पार्सलवर एक चित्र छापलेलं असतं. काळी दोन माणसं, मध्ये खोकं, दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं. हे एकट्यानं उचलू नका, असा त्याचा अर्थ. कसबा बावड्याच्या पलीकडं, उसाच्या रानाला लागून, विजयसिंहाचं पत्र्याचं शेड होतं. वरच्या कंपनीचा माल तिथं उतरायचा आणि विजयसिंहानं ठेक्यावर घेतलेले गाडीवाले तो गावोगाव पोचवायचे. शेडमध्ये सगळे त्या जड बॉक्सांना 'चित्राचा माल' म्हणायचे. चित्रात माणसं दोन होती, गाडीवर मात्र एकच. दुसरा माणूस द्या म्हटलं की विजयसिंह म्हणायचा, "कंपनी एकाचंच भाडं देती. दुसरा काय माझ्या घरातनं आणू?"

त्याच्या घरातनं कुणी आलं नाही. गाडीवाल्यांच्या घरातनं आलं. कुणी भाऊ आणला, कुणी मेव्हणा, कुणी म्हाताऱ्या बापाला पुढच्या सीटवर बसवून आणलं. इलाहीला भाऊ नव्हता. एका संध्याकाळी तो कंबर धरून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. नजीरानं त्याच्याकडं बघितलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "उद्यापासनं मी येतो गाडीवर."

"येडी का काय? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, तुम्ही या मग धरायला."

ती पिंजाऱ्याची लेक. बापाच्या दुकानात कापूस भरलेल्या गाद्या आणि लोखंडी कॉट उचलतच वाढलेली. ओझं हातावर धरायचं नसतं, अंगाला लावून घ्यायचं असतं, हे तिनं इलाहीला शिकवलं. उचलायची रीतही तिनंच घालून दिली. आधी दोघांनी बिस्मिल्ला म्हणायचं. मग इलाहीनं विचारायचं, "व्हय?" तिनं पलीकडनं म्हणायचं, "व्हय." मगच बॉक्स जमिनीवरनं उठायचा. ठेवतानाही तसंच. इलाहीनं "ठेव" म्हटल्याशिवाय ती बोटं सैल करायची नाही. एकानं आधी सोडलं की दुसऱ्याची बोटं चेमटतात, हे तिनं बापाच्या दुकानात बघितलं होतं.

दोन वर्षं ती अशी त्याच्याबरोबर हिंडली. कोडोली, पन्हाळ्याचा पायथा, कधी पार गगनबावड्यापर्यंत. तोंडात बडीशेप, पदर कंबरेला खोचलेला, पायात इलाहीचेच जुने बूट. गावातली माणसं तिला बघून हसायची. ती त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा हसायची. "काय पावणं, बघत काय बसलाय, मोटर तुमचीच हाय, धरा की जरा!" एवढं बोलली की ती माणसं लाजून हात लावायला पुढं यायची.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी गाडीत पळायचं मशीन होतं. घरातल्या घरात पळायचं, व्यायामाचं. नव्या वसाहतीतल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर पाटी होती, सामान नेऊ नये. वॉचमन म्हणाला, "लिफ्ट माणसांसाठी हाय."

"मग आम्ही कोण?" नजीरा म्हणाली.

"तुम्ही जावा की वहिनी. मशीन न्हाय न्यायचं."

नजीराला हसू आवरेना. "त्यास्नी घरात बसून चालायला मशीन पाहिजे, आणि ते वर न्यायला आपण चाललोय," ती म्हणाली. मग इलाहीच्या गुडघ्याकडं बघून म्हणाली, "आज खालची बाजू माझी. तुझा गुडघा आखडलाय."

जिन्यावर जड खोकं नेताना खालच्या माणसावर जास्त भार येतो. इलाहीला हे माहीत होतं. गुडघा खरंच दुखत होता. तो वर गेला.

पायऱ्यांवर पावसाच्या ओल्या चपलांचं पाणी होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय सरकला आणि बॉक्स तिच्यावर गेला. तिची पाठ भिंतीला लागली, बॉक्सची कड पोटावर. तिनं सोडून दिलं असतं तर बॉक्स गडगडत खाली गेला असता आणि ती बाजूला झाली असती. पण इलाहीनं ठेव म्हटलं नव्हतं. तो वरनं ओरडत होता, "धर, धर!" तिनं धरलं. मशीनला ओरखडा आला नाही. ते त्यांनी चौथ्या मजल्यावर पोचवलंसुद्धा.

परत येताना इलाहीनं बावड्यात वडे घेतले. ती म्हणाली, "मला नको आत्ता. उद्या खातो." संध्याकाळी तिचं पोट दगडासारखं झालं. सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आत रक्त साचलंय, उशीर झालाय. दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली.

विजयसिंह कब्रस्तानात आला होता. डोक्याला रुमाल बांधून उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि रडला. खोटं नाही, खरंच रडला. मग इलाहीला बाजूला घेऊन म्हणाला, "इलाहीभाई, वहिनी माझ्या बहिणीसारख्या. पण त्या कंपनीच्या माणूस नव्हत्या. गाडीवर होत्या हे कळलं तर माझा ठेका जाईल आणि तुझी गाडीबी. कुणी विचारलं तर घरात पडल्या म्हण." इलाहीनं मान हलवली. त्या वेळी त्याला कुणी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

नजीराचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो कामावर परत गेला. पहिले काही दिवस विजयसिंहानं त्याला हलकाच माल दिला. चपला, साड्या, मोबाईलची कव्हरं. इलाही दारोदार जायचा, सही घ्यायचा, परत यायचा. पुढची सीट रिकामी असायची. तिच्या बाजूच्या काचेवर बडीशेपेची पुडी अडकवलेली होती, ती त्यानं काढली नव्हती.

मग एकदा कोडोलीत एका मळ्यात पाण्याची मोटर पोचवायची आली. चित्राचा माल. मळ्यात कुणी नव्हतं. फोन केला तर मालक म्हणाला, विहिरीजवळच्या खोलीत ठेवून जावा. इलाही गाडीच्या मागं उभा राहिला, बॉक्सला अंगाशी घेतलं, बिस्मिल्ला म्हणाला आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "व्हय?"

गेलं ते गेलं. त्याला रडायलाच आलं. आणि तेवढ्यात बॉक्सची पलीकडची बाजू उठली.

त्यानं बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. बॉक्स उंच होता, पलीकडचं दिसतही नव्हतं. पण त्याच्या हातावर होता तो निम्माच भार होता, आणि तो निम्मा भार त्याचे हात चांगला ओळखत होते. बांधावरनं जाताना तो थोडा डावीकडं कलला, तसा पलीकडनंही कलला. खोलीच्या दाराशी तो थांबला, पलीकडचंही थांबलं. बडीशेपेचा वास आला. त्यानं कसंबसं म्हटलं, "ठेव." बॉक्स सरळ, चारी कोपऱ्यांवर, आवाज न करता जमिनीवर बसला. इलाही वळसा घालून पलीकडं गेला. तिथं कुणी नव्हतं. विहिरीवर एक कावळा होता, तो उडाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडमध्ये स्वतःहून विचारलं, "चित्राचा माल हाय का काय?"

विजयसिंहानं मान वर केली. "हाय की. फ्रीज हाय. पण तुझ्याकडं कोण हाय उचलायला?"

"मी बघतो."

तेव्हापासनं तो बघतच होता. फ्रीज, कपाटं, घरघंट्या, व्यायामाची वजनं. आधी ज्या बॉक्साकडं बघून गाडीवाले तोंड फिरवायचे, त्याच्याकडं इलाही हात पुढं करून जायचा. जिन्यात तो तिच्याशी बोलायला लागला. लेक तमन्नाच्या नोकरीचं, गाडीच्या क्लचचं, शेजारच्या आफशीनच्या लग्नाचं. ती काही बोलायची नाही. फक्त धरायची. जिवंत असताना तिचं तोंड बंद नसायचं, आणि आता एक अक्षर नाही. पण धरायची ती अगदी तशीच.

शेडमध्ये लोक थट्टा करायला लागले.

"चाचाच्या अंगात पैलवान शिरलाय!"

"इलाहीचाचा, खुराक काय हो? दूध का बदाम?"

सगळ्यात जास्त बोलायचा प्रसेनजीत. बावड्यातल्या बुद्धविहाराजवळ राहायचा, नुकतंच लग्न झालेलं, तोंडानं फटकळ पण मनानं साधा. "चाचा, तुम्ही असं करत जाऊ नका. तुमच्यामुळं आमची वाट लागायला लागलीया."

"माझ्यामुळं काय रं?"

"बघा की. परवा मी शेठला म्हटलं, हे कपाट एकट्याला जमायचं न्हाय. तर म्हणतो, इलाही पन्नाशी ओलांडून एकटा नेतोय, तुला काय धाड भरलीया? लगीन झाल्यावर कंबर गेली का? सगळी हसली."

इलाही पण थोडा हसला. मग गाडीत जाऊन बसला. प्रसेनजीतचं बोलणं त्याला टोचलं, पण त्याच दिवशी गाडीत एक कपाट होतं आणि ते एका उंच जिन्यावर न्यायचं होतं. म्हणजे आज ती बराच वेळ असणार होती. बाकी सगळं त्यानं मागं टाकलं.

अंग मात्र हिशेब धरून होतं. भार निम्माच लागायचा, पण घरी आल्यावर पाठ पूर्ण भाराची दुखायची. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. चहाचा कप त्यांच्यात राहायचा नाही. तमन्ना मेडिकलच्या दुकानात कामाला होती, तिथनं मलम आणायची. एका संध्याकाळी त्याच्या पाठीला मलम लावता लावता तिचा हात थांबला.

"अब्बा, खांद्यापासनं कंबरेपर्यंत काळंनिळं झालंय. एकट्यानं उचलता तुम्ही?"

"न्हाय."

"मग कोण असतं?"

तो पालथा पडला होता. तोंड उशीत होतं म्हणून बोलता आलं. "तुझी अम्मी असती."

मलमाच्या डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला कशी न्हाय दिसत?"

"दिसत न्हाय गं. फक्त धरती."

"मग माझ्याकडं का येत न्हाय?"

"तू ओझं कुठं उचलतेस?"

"अब्बा," तमन्ना म्हणाली, आणि तिचा आवाज नजीरासारखा कडक झाला, "ती गेली ती ओझ्यापायीच की. आणि मेल्यावरबी तुम्ही तिला तेच लावलंय?"

इलाही उठून बसला. तोवर पोरगी आत जाऊन रडत होती. तो तसाच बसून राहिला. सकाळी उठला तेव्हा ते बोलणं डोक्यातनं गेलं नव्हतं. तरी तो शेडमध्ये गेला, आणि तरी त्यानं विचारलं, "चित्राचा माल हाय का?" कारण एकच होतं. हलक्या मालाला ती येत नव्हती, आणि ती येणार नाही असा दिवस त्याला काढता येत नव्हता.

प्रियदर्शनीबाईच्या दारात दोन ग्लास आले, ते ह्याच दिवसांत.

त्याच आठवड्यात प्रसेनजीत पडला. सायकलचे सुटे भाग भरलेला बॉक्स होता. एकट्यानं गाडीतनं ओढून खांद्यावर घ्यायला गेला आणि पाठीत कट्‌कन आवाज आला. रस्त्यावर तसाच वाकून राहिला, सरळ होता येईना. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी त्याला ट्रॉलीच्या कडेवर बसवून घरी पोचवला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही. विजयसिंह म्हणाला, महिनाभर गाडी उभी राहिली तर रूट दुसऱ्याला द्यावा लागेल. "मी वाईट माणूस न्हाय," तो शेडमध्ये सगळ्यांना सांगत होता, "पण वरनं मला फोन येतोय. माल पडून हाय म्हणून. मी काय करू सांगा." त्याच्या मागं चित्राच्या मालाची थप्पी छपरापर्यंत गेली होती.

सोमवारी सकाळी प्रसेनजीत आला. कंबरेला रुंद पट्टा, चालणं काठी गिळल्यासारखं. गाडीच्या पुढच्या सीटवरनं एक मुलगी उतरली. साडीवर नवऱ्याचं कंपनीचं जाकीट घातलेलं, ते तिला गुडघ्यापर्यंत येत होतं.

"ही कोण?" कुणीतरी विचारलं.

"निशा. आमची मालकीण," प्रसेनजीत म्हणाला. "महिनाभर हीच पैलवान."

सगळे हसले. निशाही हसली. "हसताय काय, एकेकाची कुस्ती लावा माझ्याबरोबर," ती म्हणाली. विजयसिंहानं तिच्याकडं बघितलं, मग मोबाईलमध्ये बघितलं, आणि बघितलंच नाही असं केलं.

त्यांच्या वाट्याला एक दगडी पाटा-वरवंट्याचा बॉक्स आणि एक घरघंटी आली. घरघंटीवर चित्र होतं. ती काळी दोन माणसं. प्रसेनजीत एका बाजूला उभा राहिला, निशा दुसऱ्या. गाडीत चढवायला फळी लावली होती, फळी चढाची. निशा म्हणाली, "थांबा. तुम्ही वर व्हा. खालची बाजू माझी. तुमची पाठ दुखतीया."

इलाही पलीकडं आपल्या गाडीत कपाट भरायला निघाला होता. ते शब्द कानावर पडले आणि तो जागच्या जागी थांबला. पाऊस नव्हता, जिना नव्हता, ही मुलगी वेगळी होती. तरी त्याला सगळं पुढचं दिसलं. ओली पायरी, भिंत, पोटावर आलेली कड, आणि वरनं ओरडणारा माणूस. त्याला हेही दिसलं की ह्या मुलीला इथं प्रसेनजीतनं आणलेलं नाही, विजयसिंहानंही एकट्यानं आणलेलं नाही. पन्नाशीचा माणूस एकटा उचलतो म्हणून जे शेडभर सांगितलं गेलं, त्यानं तिला इथं आणलं होतं.

तो चालत गेला आणि घरघंटीच्या बॉक्सवर हात ठेवला.

"ठेव खाली, पोरी."

"का वो चाचा?"

"ठेव म्हणतो न्हवं. आधी तू न्हाय, दोघं बरोबर ठेवा. हां."

विजयसिंह आला. "काय झालं रं इलाही?"

"चित्रात दोन माणसं हायत. तू दुसरा माणूस दे."

"हे आज कुठनं निघालं? तू एकटा नेतोस की इतके महिने."

"मी एकबी बॉक्स एकट्यानं उचललेला न्हाय."

"म्हणजे? कोण असतं तुझ्याबरोबर?"

"नजीरा."

शेडमध्ये टेप ओढायचे आवाज थांबले. कुणीतरी हळूच "या अल्ला" म्हटलं. प्रसेनजीतच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते त्याला काढता येईना.

विजयसिंहाचा आवाज मऊ झाला. "इलाहीभाई, घरी जा आज. सुट्टी घे. तुला बरं न्हाय."

"मला बरं न्हायच. पण ऐक. ती घरात पडली न्हाय. माल नेताना मेली, तुझ्या मालाखाली. आणि तिला मेल्यावरबी सुट्टी मिळाली न्हाय. तू तिच्याकडनं काम घेतोयस, कारण मी तुला आणून देतोय. मीच तिला रोज उठवून आणतोय." त्यानं निशाकडं हात केला. "आता ही पोरगी आलीया. हिला माल न्हाय उचलू द्यायचा."

"येडं लागलंय ह्याला," मागनं कुणीतरी पुटपुटलं.

विजयसिंह चिडला. ऐकणारी माणसं भोवती नसती तर कदाचित चिडला नसता. "बरं! नजीरावहिनी असतात न्हवं? मग उचल की हे कपाट सगळ्यांसमोर. तुझ्याच गाडीचं हाय. उचल, आणि जा रूटवर. न्हायतर ही सगळी तुझ्याबरोबर माझ्या उरावर बसतील."

कपाटाचा बॉक्स फळीजवळ उभा होता. इलाही त्याच्यापाशी गेला. बॉक्सला छाती लावली, हात खाली घातले. आणि बडीशेपेचा वास आला.

ती आली होती. पलीकडं उभी होती. एवढ्या माणसांत, दिवसाउजेडी, पत्र्यावर ऊन तापत असताना ती तिथं येऊन थांबली होती आणि त्याच्या एका शब्दाची वाट बघत होती. त्यानं 'व्हय?' म्हटलं की बॉक्स उठणार होता. सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. संध्याकाळी दुसरा बॉक्स, उद्या तिसरा. ती कधीच नाही म्हणणार नव्हती. तिनं त्या दिवशी जिन्यातही नाही म्हटलं नव्हतं.

इलाहीच्या तोंडात तो शब्द आला होता. तो त्यानं गिळला. बॉक्सच्या पुठ्ठ्याला कपाळ टेकलं, आणि जसा तो तिला मळ्यात, जिन्यात, बांधावर म्हणायचा तसा, फक्त फार हळू, म्हणाला, "ठेव."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

"ठेव, नजीरा. मी धरलंय. तू ठेव आता."

वास गेला. एकदम नाही गेला. गाडीवरनं उतरून कुणी चालत लांब जावं, तसा गेला. मग इलाहीनं एकट्यानं जोर लावून बघितला. बॉक्स जमिनीला खिळल्यासारखा होता, जरासुद्धा हलला नाही. त्यानं हात काढून घेतले आणि सगळ्यांना ते दाखवले, जणू हातांत काही चोरलेलं नाही म्हणून.

"न्हाय उठत," तो म्हणाला. "एकट्याला उठत न्हाय हे."

कुणी हसलं नाही. प्रसेनजीत पट्ट्यावर हात ठेवून घरघंटीच्या बॉक्सवर बसला. "मलाबी न्हाय उठत," तो म्हणाला. निशानं जाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला एका गाडीवाल्यानं भरलेला चित्राचा माल परत खाली उतरवायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं. विजयसिंह आधी ओरडला, मग फोन घेऊन बाहेर उसाच्या कडेला गेला. तो वर काय बोलला, वरनं त्याला काय सांगितलं, हे कळायला अजून वेळ होता. इलाहीची गाडी राहील की जाईल हेही त्या दिवशी कळलं नाही. चित्राच्या मालाची थप्पी मात्र होती तिथंच राहिली.

इलाहीनं हलका माल घेतला आणि निघाला. पहिलंच पार्सल तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनीबाईचं होतं. हाताच्या पंजात मावेल एवढं पाकीट. जिन्याला लागल्यावर त्याला गुडघा जाणवला, मग पाठ, मग सगळं अंग. इतके महिने जिना चढताना जे दुखलं नव्हतं ते एकेका पायरीला दुखायला लागलं. तो वळणावर थांबला. सवयीनं ओठ हलले, पण आवाज आला नाही. तो वर गेला आणि बेल दाबली.

बाईनं दार उघडलं, पाकीट घेतलं. "पाणी आणते," म्हणाली, आणि एक ग्लास घेऊन आली.

"आज एकटेच?"

"व्हय," इलाही म्हणाला. तो शब्द निघाला आणि ग्लास त्याच्या बधिर बोटांतनं निसटायला लागला. त्यानं दुसरा हात लावला, दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि सगळं पाणी प्यायला.

"अजून देऊ?"

"न्हाय ताई. बास."

मग तो जिना उतरायला लागला. भिंतीला हात लावत, एकेक पायरी.